युरोपचं सिम: आधी देशांची यादी काढा, मग पॅक बघा

युरोपात चार-पाच देश फिरायचेत, प्रीपेड सिम कुठलं घेऊ, हा प्रश्न सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे ढिगाने येतो आणि बहुतेक पत्रांची सुरुवात जीबीने होते, किती जीबी मिळतो आणि कितीला. माझं म्हणणं असं की जीबी हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमच्या रूटवर कुठकुठले देश आहेत. दुसरा, तुमच्या फोनमध्ये काय चालतं. हे दोन सुटले की पॅक निवडणं दहा मिनिटांचं काम आहे, आणि हे दोन सोडून नुसता पॅक बघितला तर १०० जीबीचं सिम खिशात असूनही एखाद्या स्टेशनवर नकाशा उघडत नाही. या वेळी आलेल्या पत्रांतली थोडी निवडून उत्तरं देतेय.

प्रश्न: आम्ही ॲमस्टरडॅमला उतरतोय, मग कोलोन, तिथून रेल्वेने बाझल आणि ल्युसर्न, पुढे मिलान, व्हेनिस आणि शेवटी पॅरिस. प्रत्येक देशात नवीन सिम घ्यावं लागतं का? एका मित्राने सांगितलं की शेंगेन व्हिसा जिथे चालतो तिथे सगळीकडे एकच सिम चालतं. हे खरं आहे का?

एकच सिम पुरेल, पण मित्राने दिलेलं कारण चुकीचं आहे आणि नेमकं त्याच कारणावर विसंबून लोकांचे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शेंगेनचा आणि मोबाईलचा काही संबंध नाही. शेंगेन ही पासपोर्ट तपासणीची व्यवस्था झाली. मोबाईलचा नियम युरोपियन युनियनचा आहे, तो १५ जून २०१७ पासून लागू झाला आणि २०२२ मध्ये त्याची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. नियम सोपा आहे, युनियनमधल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात नेलं तर कंपनीने घरचाच, म्हणजे सिमच्या देशातलाच, दर लावायचा, रोमिंगचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. यात युनियनचे २७ देश येतात आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन, शिवाय १ जानेवारी २०२६ पासून युक्रेन आणि मोल्डोव्हा. म्हणजे आयर्लंड शेंगेनमध्ये नाही पण या यादीत आहे, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण या यादीत नाही.

तुमच्या रूटवर नेमकं स्वित्झर्लंडच मधोमध आलंय. नेदरलँड्स, जर्मनी, इटली, फ्रान्स या चारही ठिकाणी ॲमस्टरडॅमला घेतलेलं सिम घरच्यासारखं चालेल, पण कोलोनहून येणारी गाडी बाझलच्या जवळ आली की फोन स्विस नेटवर्क पकडतो आणि तिथून ल्युसर्न, गोथार्डचा बोगदा, थेट इटलीच्या हद्दीवरच्या कियासोपर्यंत तुम्ही यादीच्या बाहेर असता. त्या टप्प्यात कंपनीला वाटेल तो दर लावता येतो. प्रीपेडमध्ये निदान बॅलन्स संपला की नेट थांबतं, पोस्टपेडसारखं मागाहून बिल येत नाही, पण बॅलन्स संपायला फार वेळ लागत नाही कारण फोन मागच्या मागे फोटो बॅकअप, ॲपचे अपडेट वगैरे चालूच ठेवतो.

मग करायचं काय, तर तीन वाटा आहेत. एक, युनियनमधल्या काही कंपन्या आपल्या मर्जीने स्वित्झर्लंडलाही त्याच दरात धरतात, तर सिम घेण्याआधी त्या ठरावीक पॅकच्या देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते बघा. कंपनीच्या नावावर जाऊ नका, पॅकचं बघा, कारण एकाच कंपनीच्या एका पॅकमध्ये स्वित्झर्लंड असतं आणि दुसऱ्यात नसतं. दोन, स्वित्झर्लंडपुरतं वेगळं छोटं ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय थेट फोनमध्ये उतरवायचं सिम) घ्या आणि बाझलच्या आधी डेटा त्यावर वळवा. तीन, तिथे दोन दिवसच असाल तर डेटा बंद ठेवा, नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि हॉटेलच्या वायफायवर भागवा. तुमच्या जागी मी पहिली वाट शोधली असती आणि नाही सापडली तर दुसरी. तिसरी वाट ऐकायला स्वस्त वाटते पण स्विस रेल्वेच्या गाड्या बदलताना प्लॅटफॉर्म बघायला नेट लागतंच.

अजून एक. सीमा ओलांडली की कंपनीचा एसएमएस येतो, इथे तुमचे दर काय ते त्यात लिहिलेलं असतं, हा एसएमएस पाठवणं युनियनमधल्या कंपन्यांना बंधनकारक आहे. भाषा कळली नाही तरी तो मेसेज पुसू नका, भाषांतर करून वाचा.

प्रश्न: सिमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात १०० जीबी लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात युरोपात ३० जीबी. रोमिंग फुकट आहे ना, मग हे काय?

ही फसवणूक नाहीये, नियमातच तशी सोय आहे. तुम्ही फ्रान्सचं सिम इटलीत वापरलंत की फ्रेंच कंपनीला इटलीतल्या कंपनीला घाऊक दराने पैसे द्यावे लागतात. त्या घाऊक दरावर युनियनने कमाल मर्यादा घातली आहे, २०२५ मध्ये ती जीबीमागे १.३० युरो होती, २०२६ मध्ये १.१० आणि २०२७ पासून १ युरो, व्हॅट वेगळा. आता २० युरोत १०० जीबी देणाऱ्या कंपनीला ते सगळे १०० जीबी परदेशात द्यायला लावले तर तिचं दिवाळं वाजेल. म्हणून ज्या पॅकमध्ये डेटा अनलिमिटेड आहे किंवा जीबीचा भाव या घाऊक दराच्याही खाली जातो, अशा पॅकना परदेशातल्या डेटावर मर्यादा घालायची मुभा आहे.

मर्यादा किती ती मात्र कंपनीच्या मर्जीवर नाही, त्याचं गणित ठरलेलं आहे. पॅकची व्हॅट वगळून जी किंमत येते तिला घाऊक दराने भागायचं आणि दोनाने गुणायचं, तेवढा डेटा कमीत कमी द्यायलाच लागतो. फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के आहे, तर २० युरोचा पॅक व्हॅट काढून १६.६७ युरोचा झाला, २०२६ च्या दराने हिशोब केला तर साधारण ३० जीबी. तुमच्या पाकिटावर ३० आहे म्हणजे कंपनीने किमान तेवढं दिलंय.

म्हणून दुकानात दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली असतील तर मोठा आकडा विसरा आणि बारीक अक्षरातला आकडा बघून ठरवा. तुम्ही ज्या देशात सिम घेताय तिथे तीन दिवस राहणार आणि बाकीचे सगळे दिवस बाहेर, तर तुमच्यासाठी ते सिम ३० जीबीचंच आहे. ही मर्यादा संपली तरी नेट तुटेलच असं नाही, कंपनी पुढच्या डेटाला घाऊक दराएवढाच जादा आकार लावू शकते, त्याहून जास्त नाही, पण तो बॅलन्समधून जातो त्यामुळे बॅलन्समध्ये थोडे युरो असू द्या.

पाकिटावर अजून एक शब्द शोधा, रोमिंग. काही अगदी स्वस्त पॅक फक्त त्या देशापुरतेच असतात, त्यात रोमिंग मुळातच नसतं, आणि असा पॅक विकायला बंदी नाही. एका देशात राहणाऱ्याला तो चांगला, पाच देश फिरणाऱ्याला निरुपयोगी.

प्रश्न: सिम विमानतळावर घ्यावं की शहरात? पासपोर्ट दाखवावा लागतो का? जर्मनीत सिम घेतलं पण चालू होत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकली.

विमानतळावर पॅक सहसा महाग असतात आणि निवड कमी असते, पण तिथला माणूस सिम चालू करून हातात देतो आणि थकून उतरलेल्या माणसाला त्याची किंमत आहे. शहरात कंपनीच्या स्वतःच्या दुकानात गेलात तर दर बरा आणि सिमही चालू करून मिळतं. मी नेहमी कंपनीचंच दुकान सुचवते, किराणा सुपरमार्केट किंवा पानपट्टीवजा किऑस्क नाही. सुपरमार्केटचं सिम स्वस्त असतं हे खरं, पण ते चालू करायचं काम तुमच्यावर येतं आणि जर्मनीच्या ज्या तक्रारी ऐकू येतात त्या बऱ्याचशा तिथून आलेल्या असतात.

कारण असं आहे. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळखपत्र तपासूनच चालू करायचं असा कायदा आहे. दुकानात पासपोर्ट दाखवून झालं तर ठीक, नाहीतर व्हिडिओ कॉलवर ओळख पटवावी लागते, त्यासाठी आधी नेट पाहिजे, पासपोर्टचं पान कॅमेऱ्यासमोर तिरकं धरून दाखवायचं, आणि सगळ्या देशांचे पासपोर्ट तिथे चालतातच असं नाही. शिवाय पत्ता विचारतात, तिथे हॉटेलचा पत्ता द्या. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि विमानतळावरची काही उघडी असतात, तेव्हा रविवारी उतरत असाल तर आधीच सोय करा.

ऑस्ट्रियातही १ जानेवारी २०१९ पासून ओळखपत्र लागतं. पोलंडमध्ये २०१६ पासून, स्पेनमध्ये आणि ग्रीसमध्ये त्याच्याही आधीपासून. इटलीत पासपोर्टबरोबर तिथला करदात्याचा कोड लागतो, तो ऐकून घाबरू नका, दुकानदार सहसा तुमचं नाव, जन्मतारीख यावरून तो काढून देतात. नेदरलँड्समध्ये मात्र प्रीपेड सिमला नोंदणी लागत नाही, पाकीट फोडा आणि घाला, म्हणून वरच्या पत्रातल्या कुटुंबाने ॲमस्टरडॅमलाच सिम घेणं सोयीचं आहे. पहिला देश कुठला हे आपल्या हातात असेल तर तेवढा विचार जरूर करा.

सिम घेतलंत की त्याच देशात ते एकदा पूर्ण चालू करा, पॅक टाका, एखादं पान उघडून बघा, मग पुढे जा. काही सिम पहिल्यांदा घरच्या नेटवर्कवरच चालू होतात, आणि गाडीत बसून सीमा ओलांडल्यावर पाकीट फोडलं तर काहीच होत नाही.

प्रश्न: ई-सिम घेऊ की साधं सिम? जाहिरातींत ‘३० पेक्षा जास्त देश, एकच ई-सिम’ असं असतं. ते खरंच तितकं सोपं आहे का?

सोपं आहे, फक्त आपण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. ई-सिम दोन प्रकारची मिळतात. एक, तिथल्याच मोबाईल कंपनीचं, त्यात नंबर, कॉल, एसएमएस, डेटा सगळं साध्या सिमसारखं असतं फक्त प्लास्टिकचा तुकडा नसतो. दुसरं, प्रवाशांसाठी ई-सिम विकणाऱ्या कंपन्यांचं, त्यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, नंबर नसतो. व्हॉट्सॲपवर बोलायचं, नकाशे बघायचे, तिकिटं काढायची एवढंच असेल तर नंबरची गरज नाही. पण भाड्याच्या घराचा मालक फोन करणार असेल, कुठल्या ॲपला स्थानिक नंबरवर कोड पाठवायचा असेल, रेस्टॉरंटमध्ये फोन करून टेबल सांगायचं असेल, तर नंबरवालं घ्या.

या दुसऱ्या प्रकारचा मोठा फायदा देशांच्या यादीत आहे. त्यांच्यावर युनियनचा नियम असा थेट चिकटलेला नसतो, ते आपली यादी स्वतः बनवतात, त्यामुळे ‘युरोप’ पॅकमध्ये स्वित्झर्लंड, ब्रिटन, कधी तुर्कस्तानसुद्धा असतं. कधी नसतंही. यादी उघडून प्रत्येक नाव वाचा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतेय कारण ‘युरोप’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते. आणि ‘अनलिमिटेड’ लिहिलं असेल तर रोज किती जीबीनंतर स्पीड कमी होतो आणि हॉटस्पॉट चालतो का, हे दोन प्रश्न विचारा. चौघांच्या कुटुंबात एकाच फोनवरून सगळ्यांनी नेट घ्यायचा बेत असतो आणि हॉटस्पॉट बंद निघाला की सगळा बेत कोलमडतो.

फोनमध्ये ई-सिम चालतं का ते बघायला *#०६# डायल करा, आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांब नंबर दिसला तर चालतं. ई-सिम निघायच्या आधी घरच्या वायफायवरच टाकून घ्या पण पॅकची मुदत कधीपासून मोजतात ते आधी वाचा, काहींची टाकल्या दिवसापासून सुरू होते आणि काहींची तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून. तिथे पोचल्यावर नेट आलं नाही तर घाईने ई-सिम डिलीट करून पुन्हा टाकायला जाऊ नका, बहुतेक क्यूआर कोड एकदाच चालतात. आधी डेटा रोमिंग चालू आहे का बघा. हे फारच जणांचं अडतं, रोमिंग म्हटलं की हात आपोआप बंद करायला जातो, पण प्रवासी ई-सिम आणि दुसऱ्या देशात नेलेलं कुठलंही सिम फोनच्या दृष्टीने रोमिंगच असतं, त्याचं बटण चालूच लागतं. मग एपीएन, म्हणजे नेट जोडण्यासाठीची कंपनीची सेटिंग, बघा, कंपनीच्या मेलमध्ये ते दिलेलं असतं, हाताने भरावं लागू शकतं.

आणि घरचं सिम दुसऱ्या स्लॉटमध्ये असेल तर त्याचा डेटा रोमिंग बंद. आयफोनमध्ये ‘सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचं एक बटण आहे, तेही बंद करा, नाहीतर नव्या सिमची रेंज गेली की फोन गुपचूप घरच्या सिमवर नेट घेतो.

प्रश्न: माझं वय ७१, पत्नी ६८. मुलाने अमेरिकेहून पाठवलेला आयफोन १४ आहे, पत्नीचा बराच जुना ४जी फोन आहे. व्हॉट्सॲपचा नंबर बदलेल का, आणि बँकेचे ओटीपी कसे येतील?

काका, आधी तुमच्या फोनचं. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ ला सिमचा खाचाच नसतो, तो पूर्णपणे ई-सिमवर चालतो, त्यामुळे तुमच्यासाठी निवड आपोआप झाली, ई-सिमच. दुसरं, तिकडे हप्त्यावर घेतलेले फोन कंपनीला लॉक असू शकतात. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे खाली कॅरिअर लॉक असं येतं, त्यापुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तर निश्चिंत राहा. नाही दिसलं तर मुलाला निघायच्या बऱ्याच आधी कंपनीकडून लॉक काढून घ्यायला सांगा, ते एका दिवसात होईलच असं नाही.

काकूंच्या फोनचा मुद्दा वेगळा आहे. जर्मनीत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२१ मध्ये ३जी बंद केलं, इतरही बऱ्याच देशांत ते बंद झालंय किंवा होतंय. ज्या ४जी फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, नाही तो तिथे कॉल करताना थेट २जीवर उतरतो, आवाज येतो पण तेवढा वेळ नेट जवळपास थांबतं. आणि गावाकडे, डोंगरात ४जीची रेंज मुख्यतः ८०० मेगाहर्ट्झवर असते, त्याला बँड २० म्हणतात, दुसऱ्या खंडाच्या बाजारासाठी बनवलेल्या काही स्वस्त फोनमध्ये तो बँड नसतो. फोनचं मॉडेल नेटवर टाकून बँडची यादी बघायला कुणाला तरी सांगा. नसेल तर काकूंचा फोन तुमच्या हॉटस्पॉटवर चालवा, वेगळं सिम घेऊन उपयोग नाही.

व्हॉट्सॲपचा नंबर बदलत नाही. सिम बदललं की ते विचारतं, नंबर बदलायचाय का, तिथे नाही म्हणा, बस. ॲप काढून पुन्हा टाकू नका, कारण मग जुन्या नंबरवर कोड येतो. ओटीपीसाठी घरचं सिम फोनमध्ये चालू ठेवा, डेटा बंद, आणि निघण्यापूर्वी तुमच्या कंपनीकडे दोन गोष्टी विचारून घ्या, परदेशात येणारे एसएमएस चालू आहेत का आणि त्याचे पैसे पडतात का. रोमिंगमध्ये आलेला कॉल उचलला तर मात्र बऱ्याचदा पैसे लागतात, अनोळखी नंबर उचलू नका.

काकूंसाठी पुढेमागे साधं सिम घेतलंत तर त्याला चार आकडी पिन असतो, विमानातून उतरून फोन चालू केला की तो विचारतो. तीनदा चुकला की सिम लॉक होतं आणि मग पीयूके, म्हणजे लॉक उघडायचा कोड, लागतो, तो ज्या प्लास्टिकच्या कार्डातून सिम मोडून काढतात त्यावर छापलेला असतो. ते कार्ड फेकू नका, त्याचा फोटो दुसऱ्या फोनमध्ये ठेवा. आणि ११२ लक्षात ठेवा, युनियनच्या सगळ्या देशांत पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग सगळ्याला हाच नंबर, फुकट, बॅलन्स नसला तरी लागतो, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्येही चालतो. जर्मनीत मात्र फोनमध्ये सिमच नसेल तर लागत नाही, म्हणून कुठलं तरी चालू सिम आत असू द्या.

प्रश्न: स्प्लिट, डुब्रोव्हनिक, मग कोटोर आणि मोस्टार असा बेत आहे, नंतर ग्रीसची बेटं. क्रोएशियाचं सिम सगळीकडे चालेल ना?

क्रोएशिया आणि ग्रीस युनियनमध्ये आहेत, तिथे चालेल. कोटोर माँटेनेग्रोत आणि मोस्टार बॉस्नियात, तिथे नाही. सर्बिया, अल्बानिया, कोसोव्हो, उत्तर मॅसेडोनिया हेही यादीबाहेर. पण या सहा देशांनी आपसात १ जुलै २०२१ पासून रोमिंगचे पैसे बंद केलेत, म्हणजे माँटेनेग्रोत घेतलेलं सिम मोस्टारलाही कामाला येतं. तिकडे तीन-चार दिवस असाल तर कोटोरला पोचल्यावर एक स्थानिक सिम घेणं चांगलं, अर्थात त्याची रोमिंगची अट वाचून.

स्प्लिट ते डुब्रोव्हनिक रस्त्याने जाताना पूर्वी मध्ये नेउम नावाच्या गावापाशी बॉस्नियाची पट्टी ओलांडावी लागायची आणि फोन तेवढ्यात बॉस्नियाचं नेटवर्क पकडायचा. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाट्सचा पूल सुरू झाला, आता सगळा रस्ता क्रोएशियातूनच जातो, पण काही बस अजूनही जुन्या रस्त्याने जातात, तेव्हा बसवाल्याला विचारा आणि नेउममार्गे जात असेल तर तेवढा वेळ डेटा बंद ठेवा.

ग्रीसमध्ये कोस, सामोस, खिओस ही बेटं तुर्कस्तानच्या किनाऱ्याला इतकी लागून आहेत की पूर्वेकडच्या किनाऱ्यावर फोन तुर्की नेटवर्क पकडतो, कोर्फूला तसंच अल्बानियाचं. तुर्कस्तानही यादीबाहेर. तिथे उतरलात की सेटिंग्जमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून ग्रीक कंपनी हाताने निवडा, परत येताना पुन्हा ऑटोमॅटिक करा. हीच काळजी जिनिव्हा आणि बाझलच्या आसपास, आणि लिश्टेनश्टाइनमध्येही घ्यायची, तो देश यादीत आहे पण चारी बाजूंनी स्वित्झर्लंड-ऑस्ट्रिया आणि गाव एवढंसं की फोन सहज पलीकडचा टॉवर धरतो.

रात्रीच्या मोठ्या फेरीबोटींवर जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवर चालणारं मोबाईल नेटवर्क असतं. घरच्या दराचा नियम त्याला लागू नाही. युनियनच्या नियमात अशा नेटवर्कवर ५० युरोला आपोआप तोडायची तरतूद आहे, पण ५० युरो तरी का घालवायचे, जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर टाका.

प्रश्न: लंडनला उतरून मग डब्लिन आणि पॅरिस. ब्रिटनचं सिम घेऊ का?

ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या नियमाच्या बाहेर आहे. तिथल्या काही कंपन्या युरोपचं रोमिंग आजही पॅकमध्ये देतात, काही दिवसाला आकार लावतात, आणि नियमाचा आधार नसल्याने ते कधीही बदलू शकतं. लंडनमध्येच जास्त दिवस असतील तर ब्रिटनचं घ्या, पण युरोप रोमिंग असलेलंच. दिवस डब्लिन-पॅरिसमध्ये जास्त असतील तर आयर्लंडचं बरं. डब्लिनहून बेलफास्टला एक दिवसाची सहल करणार असाल तर लक्षात ठेवा, बेलफास्ट ब्रिटनमध्ये आहे आणि रस्त्यात सीमा दिसतही नाही.

प्रश्न: जर्मनीच्या सिमवरून जर्मनीत असताना पॅरिसच्या हॉटेलला फोन केला तर पैसे कापले गेले. रोमिंग फुकट असताना असं कसं?

कारण तुम्ही रोमिंगमध्ये नव्हतात, घरच्या नेटवर्कवरून परदेशी कॉल करत होतात, आणि ते दोन वेगळे प्रकार आहेत. जर्मनीचं सिम घेऊन पॅरिसला पोचलात आणि तिथून पॅरिसच्या हॉटेलला फोन केलात तर तो पॅकमध्ये धरला जातो. जर्मनीत बसून केलात तर तो आंतरराष्ट्रीय कॉल. त्यावरही १५ मे २०१९ पासून मर्यादा आहे, मिनिटाला जास्तीत जास्त १९ सेंट आणि एसएमएसला ६ सेंट, व्हॅट वेगळा. त्याहून जास्त कापले असतील तर कंपनीकडे तक्रार करा. नसेल तर पुढच्या वेळी असे फोन नेटवरून करा.

प्रश्न: मी एका सेमिस्टरसाठी स्पेनला चाललेय, पाच महिने. पोर्तुगालचं सिम स्वस्त मिळतंय, तेच घेऊन स्पेनमध्ये वापरू का?

नको. हा नियम प्रवाशासाठी आहे, दुसऱ्या देशातलं स्वस्त सिम आणून कायम वापरण्यासाठी नाही. कंपनी चार महिन्यांचा वापर तपासू शकते आणि त्यात तू बहुतेक काळ बाहेरच राहिलीस आणि बाहेरच वापरलंस असं दिसलं तर आधी सूचना देते, १४ दिवसांची मुदत देते आणि नंतर जादा आकार लावते. पाच महिन्यांत तू त्यात सापडशीलच. स्पेनचं सिम घे, पासपोर्ट घेऊन जा, आणि सुट्टीत पोर्तुगालला गेलीस की तेच सिम तिथे घरच्यासारखं चालेल.